मोठ्या डोळ्यांची आखणी

तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत काजळ घातले की पुढे त्याचे डोळे टपोरे होतात, असे आपल्याकडच्या बहुतेक घरांत कोणी ना कोणी खात्रीने सांगते. एरंडेलाचा दिवा लावून, त्यावर वाटी उपडी धरून, तिच्या पोटाशी जमलेली काजळी साजूक तुपात खलून डबीत भरण्याची रीत आता मागे पडली असली, तरी हा विश्वास शाबूत आहे. डॉक्टर मात्र बाळाच्या डोळ्यांत काजळ घालू नका असेच सांगतात, कारण बोटाबरोबर जंतू जातात आणि बाजारातल्या काही सुरम्या-काजळांत शिसे आढळलेले आहे. जन्मतः नेत्रगोलाचा व्यास साधारण १६ ते १७ मिलिमीटर असतो आणि तो वाढत वाढत सुमारे २४ मिलिमीटरपर्यंत जातो. बुबुळावरचा पारदर्शक पडदा तर जन्मतःच जवळजवळ १० मिलिमीटरचा असतो आणि दोन-तीन वर्षांत तो प्रौढ माणसाइतका, म्हणजे १२ मिलिमीटरच्या आसपास, होऊन बसतो. चेहरा चिमुकला आणि त्यात जवळपास पुऱ्या वाढीची बुबुळे, म्हणून प्रत्येक बाळ टपोऱ्या डोळ्यांचे दिसते. श्रेय मात्र आजीच्या बोटाला मिळते, आणि ते तिच्याकडून काढून घेण्याचे धाडस माझ्या ओळखीच्या कोणत्याही सुनेने केलेले नाही.

प्रौढ वयात ही सवलत संपते. दोन पापण्यांमधली फट साधारण तीन सेंटिमीटर लांब आणि जेमतेम एक सेंटिमीटर उंच असते, आणि ती पेन्सिलीने वाढत नाही. परंतु इतक्या लहान जागेत एखाद्या मिलिमीटरचा फरकही समोरच्याच्या नजरेला लगेच जाणवतो, आणि डोळे मोठे दाखवण्याची सारी कला त्या मिलिमीटरवर उभी आहे. डोळा कोठे संपतो आणि पापणी कोठे सुरू होते, याविषयी पाहणाऱ्याची थोडी गफलत करून द्यायची, एवढेच तिचे काम. बेल्जियमच्या जोसेफ डेलब्यूफ यांनी १८६५ मध्ये एक दृष्टिभ्रम मांडला होता: एखाद्या वर्तुळाभोवती त्याच्याहून किंचित मोठे वर्तुळ काढले, तर आतले वर्तुळ आहे त्यापेक्षा मोठे भासते, पण बाहेरचे वर्तुळ फारच मोठे काढले, तर तेच आतले वर्तुळ लहान वाटू लागते. डेलब्यूफ यांच्या मनात आयशॅडो नक्कीच नसणार, पण लग्नाच्या हॉलमध्ये भुवयांपर्यंत काळपट जांभळा रंग चढवलेल्या एखाद्या वरमाईचे डोळे का हरवतात, याचे उत्तर त्या दुसऱ्या अर्ध्या विधानात आहे. रंगाची कड डोळ्याच्या जवळ राहिली तर ती डोळ्याच्या खात्यात जमा होते. फार दूर गेली की डोळ्यालाच खुजे करते.

आपली खरी अडचण काजळाशी आहे. खालच्या पापणीची जी ओलसर गुलाबी कड असते, जिला पार्लरमध्ये वॉटरलाइन म्हणतात, तिथे काळे काजळ भरणे हीच आपल्या लेखी डोळ्यांची शोभा. ज्यांचे डोळे मुळात मोठे आहेत त्यांना ते अप्रतिम दिसते, यात वाद नाही. त्यांच्याकडे उधळायला जागा आहे. लहान डोळ्यांच्या बाबतीत मात्र ही काळी रेघ पांढऱ्या भागाला चारी बाजूंनी कुंपण घालते, आणि जो पांढरेपणा पाहून डोळा उघडा व मोठा वाटतो, त्यालाच आत ढकलते. म्हणून मेकअप करणारी जाणती माणसे तिथे त्वचेहून जरा उजळ, हस्तिदंती किंवा फिकट पीच रंगाची पेन्सिल फिरवतात. पांढरीशुभ्र नव्हे, कारण ती दोन हातांवरूनही ओळखू येते. अशी फिकट रेघ असली की गुलाबी कडही डोळ्याच्याच पांढऱ्या भागात मोजली जाते आणि उंची फुकटात वाढते. त्या कडेवर तेलग्रंथींची बारीक तोंडेही असतात. ती रोज काजळाने लिंपली नाहीत तर डोळ्यांनाही बरेच वाटते.

हे सगळे पटूनही काजळ सोडवत नाही, कारण वर्षानुवर्षे काजळ घालणाऱ्या बाईने एक दिवस ते घातले नाही की कचेरीतल्या चार जणी तिला बरे नाही का म्हणून विचारतात. यावर मी माझ्यापुरती तडजोड काढली आहे. काजळ काळ्याऐवजी गडद तपकिरी घ्यायचे, ते कडेच्या आत न भरता खालच्या पापणीच्या केसांच्या मुळाशी बाहेरून लावायचे, तेही कानाकडच्या एक-तृतीयांश भागात, आणि लगेच बोटाने किंवा कापसाच्या काडीने पुसटून टाकायचे. रेघ म्हणून ते दिसत नाही, सावलीसारखे राहते, आणि चौकशीही टळते. आपल्याकडच्या गहूवर्णी आणि सावळ्या चेहऱ्यांवर तपकिरी रंग जितका बेमालूम मिसळतो तितका काळा मिसळत नाही, हे खरे तर कधीच लक्षात यायला हवे होते; पण काळ्या रंगाचा दराराच तसा आहे.

वरच्या पापणीचे काम अधिक नाजूक. तिथे जाड आयलायनर ओढला तर पापणीची जागाच खाल्ली जाते, आणि उघड्या डोळ्यावर पापणी जितकी दिसते तितका डोळा प्रशस्त वाटतो. त्यापेक्षा आरशात खाली पाहत, टोकदार पेन्सिलीने पापणीच्या केसांच्या मुळांमधल्या मोकळ्या जागा ठिपक्या-ठिपक्यांनी भरल्या, तर केस दाट आहेत एवढेच वाटते आणि रेघ कोणाला सापडत नाही. मग कर्लरने केस वळवणे आणि मस्कारा. कर्लर हे हत्यार पहिल्यांदा पाहणाऱ्याला छळाचे साधन वाटते, पण सरळ, खाली झुकलेले केस बुबुळावर जी सावली पाडतात ती हटवण्याचे काम दुसरे काहीच इतक्या स्वस्तात करत नाही. मस्कारा लावण्यापूर्वी केस वळवायचे, नंतर नाही, कारण वाळलेल्या मस्काऱ्याचे केस चिमट्यात तुटतात. मधल्या केसांवर जास्त लावला तर डोळा गोल दिसतो, कानाकडच्या कोपऱ्यातल्या केसांवर लावला तर लांब दिसतो. खोट्या पापण्यांविषयी मला एवढेच म्हणायचे आहे की आपल्याकडे नाकापेक्षा मोती जड अशी म्हण आधीपासून आहे.

गोल की लांब, हा प्रश्न वाटतो तितका साधा नाही. पूर्व आशियात, विशेषतः जपान आणि कोरियात, गेल्या काही दशकांत जी फॅशन रुजली ती उंचीची आहे: बुबुळ मोठे दाखवणाऱ्या गडद कडेच्या कॉन्टॅक्ट लेन्स, खालच्या पापणीशी हलकी चमक, मधोमध दाट केस. आपल्या परंपरेतला मोठा डोळा मात्र आडवा वाढतो. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातल्या पद्मपाणीकडे पाहावे. त्याचे डोळे अर्धे मिटलेले, खाली झुकलेले आहेत, आणि तरीही ते लहान आहेत असे कोणाच्या मनात येत नाही, कारण लांबसडक रेषा कानाकडे निघते आणि वर पापणीचे रुंद, शांत मैदान उरते. आपल्याला बाजारात जे शिकवले जाते ते बहुधा पहिल्या प्रकारचे असते, आणि ज्यांची ठेवण मुळात दुसऱ्या प्रकारची आहे त्या बायकाही डोळे गोल करण्याच्या मागे लागून कायम दचकल्यासारख्या दिसतात. आपला डोळा उंच करायचा की लांब, हे आधी ठरवले नाही तर सगळी साधने एकमेकींविरुद्ध काम करतात.

ही अक्कल पुस्तकातून येण्याआधी कारागिरांकडे होती. पेणच्या गणपतीच्या कारखान्यांत मूर्तीचे डोळे रंगवण्याच्या कामाला आखणी म्हणतात, आणि ते सहसा सर्वांत सरावलेल्या हाताकडे सोपवलेले असते. वरच्या पापणीची रेघ ठळक, खालची बारीक, आणि बुबुळात एक पांढरा ठिपका; तो ठिपका पडेपर्यंत मूर्ती कोठेही पाहत नाही, आणि पडला की ती थेट आपल्याकडे पाहू लागते. डोळ्याच्या नाकाकडच्या कोपऱ्यात चमकदार फिकट रंगाचा जो कण लावतात, तो हेच काम अगदी हलक्या आवाजात करतो. रंगमंचावर तर खालची रेघ पापणीच्या कडेपासून मुद्दाम थोडी खाली ओढून मधली फट उजळ रंगाने भरतात, म्हणजे शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही डोळा दिसतो. तीच युक्ती चहाच्या टेबलाशी बसलेल्या माणसासमोर केली तर मात्र तो आपल्या डोळ्यांऐवजी त्या फटीकडे पाहत राहील. नैसर्गिक दिसणे म्हणजे समोरचा माणूस किती अंतरावर बसणार आहे, याचा अंदाज बरोबर असणे.

वयाबरोबर हा अंदाज पुन्हा बांधावा लागतो. चाळिशीनंतर वरच्या पापणीची त्वचा सैलावते, घडी खाली उतरते आणि मिटल्या डोळ्यावर देखणा दिसणारा रंग डोळा उघडताच घडीत गडप होतो. त्यामुळे आरशात सरळ समोर पाहत, डोळे उघडे ठेवूनच मऊ तपकिरी सावली कोठे दिसते हे बघावे आणि ती खऱ्या घडीच्या किंचित वर लावावी. भुवयांखालचे वाढलेले केस काढून ती जागा मोकळी केली तर निम्मे काम तिथेच होते. मात्र पार्लरमध्ये बारीक दोऱ्याएवढ्या भुवया कोरून घेण्याचा मोह टाळलेला बरा, कारण चौकटच नाहीशी झाली की चित्र लटकते. डोळ्यांखालचे काळसर वर्तुळ उजळ कन्सीलरने थेट झाकले तर आपल्या रंगावर ते राखाडी दिसते. आधी नारिंगीकडे झुकणारा हलका थर द्यावा आणि मग त्यावर त्वचेचा रंग. ती काळी छाया गेली की डोळ्याची खालची सीमा स्वच्छ होते, आणि झोप नीट झाल्याचा आभासही मिळतो.

या सगळ्यावर चष्मा पाणी फिरवतो, हे कोणी फारसे सांगत नाही. लांबचे दिसत नसलेल्यांचा उणे नंबरचा चष्मा अंतर्वक्र भिंगाचा असतो, आणि त्यामागचे आपले डोळे समोरच्याला लहान दिसतात. नंबर जितका जास्त तितके लहान. जवळचे दिसावे म्हणून लावलेल्या अधिक नंबरच्या चष्म्यातून याच्या उलट होते, आणि डोळ्यांबरोबर मस्काऱ्याची प्रत्येक गुठळीही मोठी दिसते. त्यामुळे उणे नंबरवाल्या आम्हा मंडळींना पेन्सिल थोडी सढळ हाताने वापरण्याची मुभा आहे. भिंग डोळ्यापासून जितके दूर, तितके हे आकसणे वाढते. नाकावरून घसरलेला चष्मा हा डोळ्यांचा सर्वांत मोठा शत्रू. चष्म्याच्या दुकानात नाकावरच्या गाद्या आणि काड्या नीट बसवून चष्मा चेहऱ्याजवळ आणून घ्यावा, पापण्यांचे केस भिंगाला लागणार नाहीत इतपतच. मस्कारा कोणता घ्यावा, याची चौकशी त्यानंतर करावी.