उंच खिंडींच्या वाटेवर मोठी टूरिंग मोटरसायकल: प्रवास, देखभाल आणि दुरुस्ती

आधी सपाट महामार्ग, मग सलग घाट आणि त्यापुढे ५,००० मीटरच्या आसपास चढणाऱ्या खिंडी व त्यांच्या मधली धुळीची, खडीची लांबलचक पठारे, असा हा प्रवास होता. गाडी १,००० सीसीच्या वरची, दोन सिलिंडरांची आणि चेनवर चालणारी असून स्वार, सामान आणि भरलेली टाकी धरून तिचा एकूण भार ४०० किलोच्या जवळ जात होता. एवढा भार खराब रस्त्यावरून नेताना सर्व्हिसिंग निघण्यापूर्वी एकदा करून संपत नाही. ते रोज थोडे थोडे करावे लागते. याच वाटेने जाणाऱ्यांच्या उपयोगी पडावे म्हणून गाडीला कोठे काय लागले ते येथे नोंदवत आहे.

निघण्यापूर्वी ऑइल, फिल्टर आणि स्पार्क प्लग सगळेच बदलतात. ब्रेक ऑइलकडे मात्र पुष्कळांचे दुर्लक्ष होते आणि डोंगरात तीच सर्वांत मोठी जोखीम ठरते. डॉट ४ प्रतीचे ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी प्रमाणित किमान मर्यादा १५५ अंश आहे. लादलेली गाडी तासभर उतारावर ब्रेक लावत आणली की कॅलिपर (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) इतका तापतो की जुन्या ऑइलमध्ये वाफेचे बुडबुडे धरतात आणि लिव्हर हँडलपर्यंत पोकळ जातो. म्हणून ब्रेक ऑइल बदलून दोन वर्षे होत आली असतील, तर ते निघण्याआधीच बदलावे. ब्रेक पॅडच्या बाबतीत माझा नियम कडक आहे: मॅन्युअलमधील किमान जाडी साधारण १ मिलिमीटर असली, तरी २ मिलिमीटर उरलेले पॅड घेऊन मी डोंगरात शिरत नाही. मागच्या सस्पेन्शनचा प्रीलोड (स्प्रिंगवर आधीच दिलेला दाब) सामान बांधून, गाडीवर बसून लावावा. रिकाम्या गाडीवर केलेली जुळणी पूर्ण भाराखाली निरुपयोगी ठरते. गाडी मागे बसते, पुढचे चाक हलके पडते आणि घाटातल्या वळणावर हँडल तरंगल्यासारखे वाटते.

सपाट महामार्गावर काम मुख्यतः चेनचे होते. साधारण ५०० ते ८०० किलोमीटरनंतर आणि पावसात भिजल्यावर प्रत्येक वेळी मऊ ब्रश व रॉकेलने चेन पुसून, ती कोमट असतानाच संध्याकाळी ल्यूब मारावे, म्हणजे रात्रीतून ते आत मुरते आणि सकाळी चाकावर उडत नाही. ताण तपासताना मागचे चाक हळूहळू फिरवत चेन जिथे सर्वांत जास्त ताठ होते ती जागा शोधावी आणि मोजमाप तिथेच घ्यावे. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही. सैल जागी मोजून ताणली, तर ताठ जागी ती गिअरबॉक्सच्या बाहेर येणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगवर जोर देते. सामान चढल्यावर स्विंगआर्म (मागचे चाक धरणारा हलता दांडा) वर जाऊन चेन आणखी ताठ होते, त्यामुळे अशा प्रवासात मी ताण मॅन्युअलमधील मर्यादेच्या सैल टोकाकडे ठेवतो. शाफ्ट ड्राइव्हच्या, म्हणजे चेनऐवजी दांड्याने चाक फिरवणाऱ्या गाड्यांना हा रोजचा खटाटोप नाही, पण त्यांनी फायनल ड्राइव्हचे ऑइल आणि सीलची गळती पाहिलीच पाहिजे.

खिंडींच्या प्रदेशात टायरच्या हवेचे गणित बदलते. ५,००० मीटरवर वातावरणाचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा असतो. टायरमधली हवा तीच राहिली, तरी गेज बाहेरच्या दाबाशी असलेला फरक दाखवतो, म्हणून तापमान सारखे असताना वाचन सहा-सात पीएसआयने (टायरच्या हवेचा दाब मोजण्याचे एकक) वाढलेले दिसते. थंडीमुळे त्यातला काही भाग कमी होतो. पूर्ण भारासाठी पुष्कळ मोठ्या गाड्यांत मागे ४२ पीएसआय सांगितलेले असते. वर मुक्काम असल्यास सकाळी थंड टायरवर मोजून दाब सांगितलेल्या आकड्यावर आणावा. मात्र खाली उतरल्यावर ती पुन्हा भरणे चुकवू नये, कारण तेव्हा टायर तितकाच कमी भरलेला असतो आणि गरम रस्त्यावर, वेगात, भाराखाली तो धोकादायक तापतो. छोटा बारा व्होल्टचा कॉम्प्रेसर सोबत असावा तो मुख्यतः यासाठी. पंक्चरला तो उपयोगी पडतोच. ट्यूबलेस टायरला आपण स्वतः प्लग लावावा तो फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागात. बाजूची भिंत फाटली असेल, तर प्लगवर विसंबून पुढे जाऊ नये.

फ्युएल इंजेक्शन विरळ हवेनुसार पेट्रोल कमी करते, त्यामुळे इंजिन गुदमरत नाही, पण ताकद ठळकपणे घटते. अशा वेळी चढाच्या वळणावर अर्धा क्लच दाबून गाडी ओढण्याचा मोह होतो. त्याने क्लच प्लेट जळतात. पहिला गिअर टाकून क्लच पूर्ण सोडावा. ओढे ओलांडताना इंजिन पाण्यात बंद पडले आणि एअर फिल्टरपर्यंत पाणी गेल्याची शंका असली, तर स्टार्टर अजिबात दाबू नये. सिलिंडरमधले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी ढकलून बाहेर काढावी, प्लग खोलावेत आणि मगच इंजिन फिरवावे.

या प्रवासातला खरा बिघाड पठारावर झाला. चालू गाडीत बॅटरीच्या व्होल्टेजचे एरवी १४ व्होल्टच्या वर राहणारे वाचन १२.३ वर आले आणि हळूहळू आणखी उतरू लागले. जनरेटरकडून वीज मिळत नसेल, तर पेट्रोल पंप, इंजेक्टर आणि इग्निशन बॅटरीवर चालतात आणि अशी मोठी गाडी फार तर तासभर तग धरते. म्हणून जागा पाहून ताबडतोब थांबलो. प्रथम बॅटरीचे टर्मिनल पाहिले, ते घट्ट होते. मल्टिमीटर बॅटरीला लावून इंजिन ४,००० आरपीएमपर्यंत नेले, तरी आकडा हलला नाही. याचा अर्थ दोष स्टेटर (जनरेटरची वीज तयार करणारी स्थिर गुंडाळी), रेग्युलेटर (ती वीज बॅटरीला योग्य अशी करून देणारा भाग) किंवा त्यांच्यामधल्या वायरिंगमध्ये होता. दोहोंना जोडणारा तीन पिवळ्या तारांचा कनेक्टर सोडवला तेव्हा एका पिनेभोवतीचे पांढरे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळलेले दिसले. तरीही आधी स्टेटर तपासला: इंजिन चालू ठेवून प्रत्येक दोन तारांमध्ये एसी व्होल्टेज मोजले, ते तिन्ही जोड्यांत सारखे आले, इंजिन बंद करून कोणतीही तार बॉडीला लागत नाही याचीही खात्री केली. स्टेटर शाबूत होता. धूळ आणि ओलावा यांमुळे पिनेचा रोध वाढला होता आणि तेथून सतत जाणाऱ्या मोठ्या करंटने ती जागा भाजली होती.

जळालेला कनेक्टर कापून टाकला, तारांची टोके तांबे चकाकेपर्यंत खरवडली, क्रिम्प स्लीव्हने (पकडीने दाबून बसवायची धातूची नळी) तारा थेट जोडल्या आणि वर हीटश्रिंक (उष्णतेने आवळणारी प्लास्टिकची नळी) चढवले. या तीन तारा कोणत्याही क्रमाने जोडल्या तरी चालतात, कारण त्यांतून रेग्युलेटरकडे तीन फेजचा एसी प्रवाह जातो. इंजिन सुरू करताच वाचन १४.२ वर आले आणि पुढे सगळा प्रवास तिथेच राहिले. म्हणून माझा आग्रह असा की सुटे भाग जास्त बांधून नेण्यापेक्षा मल्टिमीटर, क्रिम्पिंगची पक्कड, योग्य जाडीची हातभर तार आणि स्लीव्ह न्याव्यात. मोजमाप न करता नवा रेग्युलेटर बसवला असता, तर तोही त्याच भाजलेल्या पिनेला जोडला गेला असता.

खडीच्या रस्त्यावर नट-बोल्ट सैल होतात, विशेषतः सामानाचा रॅक, सायलेन्सरचे क्लॅम्प आणि हँडगार्ड यांचे. निघण्यापूर्वी प्रत्येक महत्त्वाच्या बोल्टवरून बाजूच्या भागापर्यंत रंगाची एक रेघ ओढावी. ती तुटलेली दिसली की बोल्ट फिरला आहे हे पाना न लावता कळते. सैल बोल्ट जोर लावून आवळू नये. सहा मिलिमीटरच्या बोल्टला साधारण १० न्यूटन-मीटर पुरतात. ॲल्युमिनियममधले आटे गेले, तर रस्त्यावर त्याला इलाज नाही.

परतल्यावर गाडी धुण्याआधी ती एकदा नीट न्याहाळावी, कारण गळतीच्या जागी धूळ ओली होऊन चिकटलेली असते आणि पाण्याने ती खूण जाते. फोर्कच्या (पुढच्या सस्पेन्शनच्या नळ्या) सीलखाली असे तेलकट वर्तुळ मला दिसले. त्यानंतर एअर फिल्टर बदलावा, चाके अधांतरी करून बेअरिंगमध्ये खेळ आहे का ते पाहावे, आणि हँडल मधोमध आणताना अडकल्यासारखे वाटले, तर स्टिअरिंगचे बेअरिंग बदलावे. व्हॉल्व्ह क्लिअरन्स (व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट) तपासण्याची मुदत जवळ आली असेल, तर इंजिन पूर्ण थंड असताना ते मोजून घ्यावे, कारण एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह घट्ट होत गेला, तरी त्याचा आवाज येत नाही.