मिरामारचे ऊन आणि माझी खरेदी

आज सकाळी गोव्यातल्या मिरामार किनाऱ्यावर 750 मीटर पोहणे, 20 किलोमीटर सायकल आणि 5 किलोमीटर धावणे असा ट्रायथलॉनचा पहिलाच सलग सराव केला, आणि दोन महिने हौसेने जमवलेल्या साहित्यापैकी खरोखर उपयोगाचे किती, हे घरी परतण्यापूर्वीच कळून चुकले. वेटसूट, म्हणजे पाण्यात अंग उबदार ठेवणारा रबरी पोशाख, घ्यावा की नाही यावर मी उगाच बराच काथ्याकूट केला होता. आयर्नमन नावाच्या ट्रायथलॉन स्पर्धांत पाणी 24.5 अंशांपेक्षा गरम असेल तर तो घालणाऱ्याला बक्षिसावर हक्क सांगता येत नाही, आणि गोव्याचा समुद्र त्याहून बराच कोमट असतो. गडद काचेचा गॉगल मात्र हवाच, कारण किनाऱ्याकडे परतताना उगवता सूर्य नेमका डोळ्यांसमोर येतो.

पोहणे, सायकल आणि धावणे या तिन्हींसाठी एकच असलेला ट्रायसूट अंगावरच वाळला, परंतु काळा रंग निवडण्याची हौस खांद्यांना चांगलीच भोवली. सायकल जुनी, साधीच होती. तिने काही अडवले नाही. अडवले ते पाण्याने. एकुलत्या एका बाटलीतले पाणी अर्ध्या वाटेतच चहासारखे तापले आणि हेल्मेटच्या पट्ट्यावर मिठाची पांढरी रेघ उमटली. पुढच्या रविवारी दोन बाटल्या नेणार असून, क्षार मिसळलेली एक रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवणार आहे. आणि हो, वेळ वाचवण्यासाठी मोजे न घालता धावलो, त्यामुळे वाळूने टाचेला आलेला फोड आता कोरफड लावून निववत बसलो आहे.