लीडस्क्रूचा ब्रॅकेट: पॅटर्न तयार, पहिलं ओतकाम झालं

ज्यांनी आधीचं वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. माझ्याकडे पंजाबातल्या बटाल्याचं एक जुनं बेंच लेथ आहे, बनावट कुणाची ते बेडवरून (लेथच्या लांब आडव्या धडावरून) पुसलं गेलंय. त्याच्या लीडस्क्रूला (टूल सरकवणाऱ्या लांब आट्याच्या दांड्याला) उजव्या टोकाला धरणारा बिडाचा (कास्ट आयर्नचा) ब्रॅकेट पायापासून तुटला आहे. पूर्वी कुणीतरी त्याला ब्रेझिंग (पितळेचा जोड) करून चालवलेला होता आणि तोच जोड पुन्हा उकलला. सुटा भाग मिळण्याचा प्रश्नच नाही. म्हणून लाकडी पॅटर्न (वाळूत दाबून साच्याची पोकळी उमटवायचा नमुना) करून घरीच ॲल्युमिनियममध्ये ओतायचं ठरवलं.

बिडाच्या जागी ॲल्युमिनियम का चालेल, हे आधी सांगतो. या ब्रॅकेटवर कटिंगचा मोठा भार येत नाही. स्क्रू झोल खाऊ नये एवढंच त्याचं काम, आणि भोकात गनमेटलचं बुश (स्क्रू ज्यात फिरतो ती नळी) बसणार असल्याने घासही ॲल्युमिनियमवर नाही. हेडस्टॉकचा (काम धरून फिरवणाऱ्या डोक्याचा) भाग असता तर मी हा विचारही केला नसता.

भाग दिसायला साधा आहे. बेडला दोन बोल्टांनी बसणारा ११० बाय ५० मिमीचा पाया, जाडी १२. त्यावर मधोमध उभी १४ मिमी जाडीची भिंत आणि तिच्या डोक्यावर ४८ मिमी व्यासाचा, ५० मिमी लांबीचा गोल बॉस, म्हणजे भोक ज्यात येतं तो जाड भाग. तुटलेले तुकडे जुळवून माप घेतलं की लगेच करवत हातात घ्यावीशी वाटते. पण पॅटर्न हा भागाचा पुतळा नसतो. तो सँडमधून, म्हणजे साच्याच्या ओलसर वाळूतून, सुखरूप बाहेर यायला हवा, आणि लाकूड कापण्याआधीचा सगळा विचार त्यासाठीच करायचा. आमच्या गल्लीत एक निवृत्त पॅटर्नमेकर काका राहतात. मी कागदावरचं चित्र दाखवलं तर त्यांनी मापांकडे बघितलंच नाही. "हे निघतंय कसं, ते सांग की आधी," एवढंच म्हणाले.

तर ते असं. पाया खाली आणि बॉस वर असा उभा ठेवून काढायला गेलो तर रुंद पाया, बारीक भिंत आणि पुन्हा रुंद बॉस, म्हणजे भिंतीच्या दोन्ही बाजूंना सँड अडकते. मधून उभा चिरून दोन अर्ध्यांचा स्प्लिट पॅटर्न करता येतो, पण मग ५५ मिमी खोल उपसावं लागतं आणि डावेल (अर्धे जुळवणाऱ्या खुंट्या) जरा ढिले झाले तरी दोन अर्धे सरकलेलं कास्टिंग मिळतं. तिसरा मार्ग म्हणजे भाग आडवा पाडायचा आणि बॉसच्या अक्षाच्या दिशेने वर काढायचा. तसं पाहिलं तर पाया, भिंत आणि बॉस मिळून एकच सलग आकार होतो, ५० मिमी जाडीचा. पाठ सपाट, पॅटर्न अखंड, सगळा साच्याच्या खालच्या पेटीत म्हणजे ड्रॅगमध्ये. मी हाच घेतला.

त्याला एक अडचण होती. मूळ भागात पायावर बोल्टच्या डोक्याखाली गोल उंचवटे आहेत. आडवं पाडलं की ते बाजूला येतात आणि पॅटर्नला खिळ्यासारखे अडवतात. त्यांना लूज पीस करता आले असते, म्हणजे पॅटर्न आधी निघतो आणि तुकडे मागून आत ओढून काढायचे. मी सरळ त्या उंचवट्यांच्या जागी ५० मिमी भर सलग पट्टी दिली. दिसायला मूळ भागापेक्षा वेगळं दिसेल, पण लेथखाली वाकून कोण बघतंय.

आता मापं. ॲल्युमिनियम गोठून थंड होताना साधारण १.३ टक्के आकसतं, बीड १ टक्का. आकसमापाची श्रिंक पट्टी माझ्याकडे नाही. त्यामुळे ड्रॉइंगच १०१.३ टक्क्यांना छापून लाकडावर चिकटवलं. प्रिंटरवर विश्वास ठेवू नका, कागदावरची १०० मिमीची रेघ कॅलिपरने तपासा. ११० मिमीला ॲल्युमिनियमसाठी १.४ आणि बिडासाठी १.१ मिमी वाढ लागते. फरक ०.३ मिमीचा, तो मशीनिंगच्या भत्त्यात (नंतर कापून काढायला ठेवलेल्या जादा जाडीत) सहज जिरतो. म्हणजे उद्या हाच पॅटर्न उद्यमनगरातल्या एखाद्या फाउंड्रीत देऊन बिडाचा ब्रॅकेट ओतून घेता येईल.

सगळ्या उभ्या बाजूंना २ अंशांचा ड्राफ्ट, म्हणजे पॅटर्न सुटावा म्हणून उतार, दिला. ५० मिमी उंचीवर तो १.७ मिमी होतो. पायाचा तळही या मांडणीत उभाच येतो, त्यामुळे तिथे मशीनिंगसाठी बारीक टोकाला २.५ मिमी ठेवले, जाड टोकाला ते ४ च्या वर गेले. थोडी धातू जास्त कापावी लागेल, इलाज नाही. ड्राफ्टमध्ये कंजुषी केली तर पॅटर्न उपसताना सँडची कड सोबत येते.

लाकूड जुन्या चौकटीचं सागवान. जुनं असल्याने पुरेसं सुकलेलं, पण सागात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी जोडाचे पृष्ठ थिनरने पुसावे लागतात. बॉस लेथवरच वळवला, हातात टूल धरून, कारण लीडस्क्रूशिवाय लेथ तेवढं करतंच. आतल्या कोपऱ्यांना ५ मिमी त्रिज्येचा फिलेट (गोलाई) दिला. जुने लोक मेण किंवा चामड्याची पट्टी वापरत. मी गाडीची पुट्टी भरली आणि बेअरिंगच्या गोळीने ओढली. टोकदार कोपरा ठेवला तर सँडची धार धातूबरोबर वाहून जाते, शिवाय गोठताना नेमका तिथेच तडा जातो. शेवटी चपडा (लाख) स्पिरिटमध्ये विरघळवून त्याचे हात दिले, प्रत्येक हातानंतर बारीक पॉलिश पेपर. सँड ओली असते, उघडं लाकूड पाणी पिऊन फुगतं आणि मग पॅटर्न निघत नाही.

भोकाचं काय करायचं यावर बराच घोळ घातला. बुशसाठी २८ मिमीचं भोक लागणार आहे. एवढ्या लहान भागात भरीव ओतून नंतर ड्रिल करणारे पुष्कळ आहेत, आणि ते चूक नाहीत. पण ४८ मिमीचा भरीव गोळा बाजूच्या १२-१४ मिमीच्या भिंतींपेक्षा खूप उशिरा गोठतो, आणि आकसताना त्याला भरून द्यायला कुणी उरत नाही. मग नेमकं बुशच्या जागी पोकळी निघते. २२ मिमीचा कोअर (भोकाच्या जागी साच्यात बसणारा भाजलेल्या वाळूचा दांडा) घातला की बॉसची भिंत १३ मिमी राहते आणि सगळा भाग जवळजवळ एकाच वेळी गोठतो. म्हणून कोअर. खालचा कोअर प्रिंट (कोअरचं टोक बसायला साच्यात खाच उमटवणारा उंचवटा) पॅटर्नलाच जोडलेला. वरचा वेगळा, पाठीवर डावेलने बसणारा, आणि त्याला ड्राफ्ट भरपूर, म्हणजे वरची पेटी उतरवताना कोअरच्या डोक्याला आपोआप वाट सापडते.

कोअर बॉक्स म्हणजे दोन सागाच्या ठोकळ्यांत मिळून पाडलेलं भोक. कोअरला बारीक सिलिका सँड, जवसाचं तेल आणि ओलेपणी आकार टिकावा म्हणून किंचित काकवी. जुन्या ओव्हनमध्ये २०० अंशांच्या आसपास भाजला, गडद तपकिरी होईपर्यंत. घरात वास दिवसभर राहतो. ओव्हन अंगणात काढता आला तर घरच्यांशी संबंध बरे राहतील.

मोल्डिंगला सिलिका सँड, ८ टक्के बेंटोनाइट, ४ टक्क्यांच्या आत पाणी. मुठीत दाबून मोडली की कड स्वच्छ तुटली पाहिजे. पॅटर्नवर शंखजिरे भुरभुरवलं, आधी चाळलेली सँड, मग बाकीची भरून ठोकली. पेटी उलटवून, पाठीत स्क्रू घालून, चारी बाजूंनी हलकेच ठकठक करून पॅटर्न उपसला. धातू न ओतता आधी नुसता साचा करून बघितला होता, त्यात तो स्वच्छ निघाला तेव्हाच भट्टीचा विचार केला.

धातू म्हणजे दुचाकीचे जुने पिस्टन. त्यात सिलिकॉन भरपूर असतं, त्यामुळे धातू पातळ वाहतो. खिडक्यांच्या पट्ट्या ओतकामाला फारशा उपयोगाच्या नाहीत. पिस्टनमधल्या पिना आणि रिंगा काढल्या आणि तुकडे भट्टीच्या काठावर तापवून कोरडे करूनच मुशीत टाकले. ओला तुकडा वितळलेल्या धातूत गेला तर सगळं अंगावर उडतं. कास्टिंगचं वजन ४०० ग्रॅमच्या आसपास, पण रनर-रायझर (धातू आत नेणारी वाट आणि आकसताना भरून देणारा साठा) धरून दुप्पट धातू वितळवला. लोणारी कोळसा, ब्लोअर, ग्राफाइटची मूस, ७२० अंशांना ओतलं. पेट्या काँक्रीटवर नाही तर कोरड्या वाळूच्या थरावर ठेवा, गरम धातू सांडला तर काँक्रीटचे तुकडे उडतात. चेहऱ्यावर शील्ड आणि पायात चामड्याचे बूट, चप्पल नाही.

कास्टिंग निघालं ते चांगलं आहे. पायाच्या एका कोपऱ्याला सँडची खरड आहे, ती मशीनिंगमध्ये जाईल. रायझर करवतीने कापला तर त्याच्या मानेत बारीक छिद्रं दिसली, बॉसच्या तोंडाशी मात्र धातू घट्ट. बहुधा जे वायू आणि आकस होती ती रायझरने घेतली.

आता पायाचा तळ आधी सपाट करायचा, निळा रंग लावून बेडच्या तोंडाशी बसवत बसवत कानशीने. मग ब्रॅकेट बेडलाच बोल्टने बांधून, लेथच्या दोन सेंटरमध्ये (टोकदार आधारांत) बोरिंग बार, म्हणजे टूल बसवलेला दांडा, धरून भोक मोठं करायचा विचार होता, पण लीडस्क्रूची रेघ सेंटरच्या रेषेखाली बरीच खाली येते. त्यामुळे तो बेत सोडला. ब्रॅकेट कॅरेजवर (बेडवरून सरकणाऱ्या भागावर) पॅकिंग देऊन बांधतो, बार सेंटरमध्ये आणि फीड हाताने. कॅरेजवर बांधताना पायाचा तळ बारला समांतर येतो का ते डायल गेजने बघणं हेच मुख्य काम. पायापासून भोकाची उंची डाव्या ब्रॅकेटवरून घेतली आहे, आणि ०.२ मिमीपर्यंतची चूक पायाखाली शिम (पातळ पत्रा) घालून काढता येईल.