काकांची गीर कालवड

बडोद्यात जनावरांचा डॉक्टर म्हटलं की निम्मे फोन कुत्र्यामांजरांचेच, त्यामुळे जवळच्या पादरा गावाकडे शेत घेतलेल्या एका मराठी काकांचा "गाय घेतलीय, गाभण आहे ना तेवढं बघून जा" असा फोन आला तेव्हा मी खूश होऊनच निघालो.

गीर होती. फुगीर कपाळ, लांब मुडपलेले कान, एकदम देखणी. पण दात बघितले तर पक्के चारच आणि कास नावालाच. म्हटलं काका, ही अजून कालवड आहे, व्याली की मग गाय म्हणायचं. काकांना त्याचं काही नाही, शेजारी बांधलेला खच्ची न केलेला खोंड पण त्यांच्या लेखी बैलच! काकू तर तारीख धरून बसलेल्या, नातवंडांची खरवसाची ऑर्डर पण आलेली.

हातमोजा घालून तपासलं तर गर्भ सोडाच, गर्भाशयच नीट हाताला लागेना, दोरीसारखं बारीक काहीतरी. बाहेर योनीखाली केसांचा झुपका. गड्याला विचारलं माजावर आली होती का, तर म्हणे कधीच नाही. मग सरळ दलालाला फोन लावला, ही जुळ्यातली का रे? तो आरामात म्हणतो, "हा, जोडे वाछडो हतो." म्हणजे हो, सोबत गोऱ्हा होता.

झालं, फ्रीमार्टिन. जुळ्यात एक नर एक मादी असली की बहुतेक वेळा दोघांच्या वारेतल्या रक्तवाहिन्या पोटातच जोडल्या जातात, नराकडून येणाऱ्या हार्मोन्समुळे मादीचे आतले अवयव धड बनतच नाहीत आणि अशा शंभरातल्या नव्वदेक कालवडी जन्माच्या वांझ राहतात. भावाला सहसा फारसं काही होत नाही. खात्रीच हवी तर रक्त तपासायचं, तिच्या रक्तात भावाच्या नर पेशी सापडतात.

काका फोनवर जाम भडकले. दलाल थंड. "काका, में गाभण क्यां कही हती? वोडकी कही हती." आता वोडकी म्हणजे न व्यालेली कालवडच, त्यामुळे पठ्ठ्याला शब्दात पकडता येईना, पण जुळ्याचं माहीत असून गप्प बसला ही माझ्या मते सरळ लबाडीच. मी तपासणीचा कागद लिहून दिला, पैशाचं त्यांचं ते बघतील.

निघताना काकू म्हणाल्या, "मग खरवसाचं काय हो डॉक्टर?" म्हटलं काकू, आता घ्याल ती ताजी व्यालेली घ्या, वासरासकट, आणि सकाळ-संध्याकाळ समोर धार काढायला लावून मगच पैसे मोजा.