'मानापमान' दुसऱ्यांदा पाहताना

'संगीत मानापमान' मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा बावीस वर्षांची होते आणि दुसऱ्या मध्यंतरात उठून घरी आले होते. पद, म्हणजे नाटकातले गाणे, सुरू झाले की गोष्ट जागच्या जागी थांबायची, गाणारी व्यक्ती एकच ओळ निरनिराळ्या तऱ्हांनी आळवत राहायची, आजूबाजूचे प्रेक्षक नेमक्या एका क्षणी 'वाहवा' म्हणायचे आणि तो क्षण मला काही केल्या सापडायचा नाही. सगळ्या नाट्यगृहाला कळते आहे आणि आपल्यालाच कळत नाही, या जाणिवेने मी त्या रात्री उठले. सांगलीत जन्मलेल्या, सांगलीतच वाढलेल्या माणसाला ही गोष्ट जास्तच लागते. 1843 मध्ये सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने विष्णुदास भाव्यांनी पहिले मराठी नाटक मानले जाणारे 'सीतास्वयंवर' केले ते याच गावात, आणि 'मानापमान' लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचा जन्मही 1872 साली सांगलीचाच. तरीही पुढची अनेक वर्षे मी संगीत नाटकाच्या वाटेला गेले नाही.

मार्केट यार्डात हळदीच्या एका अडतीवर मी हिशेब लिहिते. तिथले आमचे दिवाणजी, ज्यांना आम्ही सारे अप्पा म्हणतो, तरुणपणी हौशी मंडळींच्या नाटकांना तबल्याची साथ करीत असत. 'मानापमान'चा प्रयोग सांगलीत लागणार असल्याची जाहिरात वर्तमानपत्रात आली, तेव्हा मी त्यांना माझी जुनी गोष्ट सांगितली. ते हसले नाहीत. सौद्याची पट्टी बाजूला ठेवून ते म्हणाले, "ताई, तिकीट नंतर काढा. आधी पुस्तक आणा. ज्या पदाचे शब्द ठाऊक नाहीत, त्या पदात कान शब्द शोधत बसतो आणि सूर निसटून जातो." प्रयोगाला तेव्हा तीन आठवडे होते.

वाचनालयातून मी संहिता आणली आणि रोज रात्री जेवणानंतर थोडी थोडी वाचली. मूळ नाटक पाच अंकांचे आहे, आणि आज प्रयोगात जे दिसते ते बरेच कापून, आटोपशीर केलेले असते, हे मला वाचतानाच समजले. कथानक तसे सरळ आहे. धनवानाची मुलगी भामिनी सेनापती धैर्यधराला केवळ तो गरीब आहे म्हणून अपमानाने नाकारते. पुढे वनमाला हे नाव घेऊन, वेष पालटून त्याच्या छावणीत जाते आणि तिथे त्याचे शौर्य पाहून मनोमन त्याची होते. श्रीमंत पण भित्रा लक्ष्मीधर हा या दोघांच्या मधला विनोदाचा धागा. मी पूर्वी गाण्यांची माळ समजून हे नाटक पाहिले होते. वाचल्यावर लक्षात आले की प्रत्येक पद एखाद्या व्यक्तीच्या मनात काहीतरी पालटते आहे अशाच जागी ठेवलेले आहे.

'शूरा मी वंदिले' या पदापाशी मी सर्वांत जास्त वेळ थांबले. त्यात 'धारातीर्थी' असा शब्द येतो. तो मी लहानपणापासून रेडिओवर ऐकला होता आणि त्याचा अर्थ विचारावा असे कधी वाटले नव्हते. नदीकाठचे एखादे तीर्थ असावे, अशी माझी अस्पष्ट समजूत होती. अप्पांनी सांगितले की ही धारा तलवारीची. तलवारीची धार हेच तीर्थ, आणि रणात देह ठेवणे म्हणजे त्या तीर्थात स्नान. सुरुवातीला गरिबीची किळस करणारी भामिनी ज्या तोंडाने हे म्हणते, त्या तोंडाने ती आपलाच जुना उन्माद मोडून टाकते आहे, हे ध्यानात आले तेव्हा ते पद माझ्यासाठी पहिल्यांदा उघडले. आजही हा शब्द ऐकला की मला अडतीवरची ती दुपार, हळदीच्या धुळीने पिवळी पडलेली टेबलाची कड आणि त्या कडेवर बोटाने ताल धरून बसलेले अप्पा आठवतात.

दुसरा आठवडा ऐकण्यात गेला. 'मानापमान'चा पहिला प्रयोग किर्लोस्कर नाटक मंडळीने 12 मार्च 1911 रोजी मुंबईत केला. चाली गोविंदराव टेंबे यांच्या आणि भामिनी बालगंधर्वांची. त्याच दिवशी बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली होती आणि तरीही ते रंगमंचावर उभे राहिले, ही हकीकत मी आजवर केवळ एक आख्यायिका म्हणून ऐकत आले होते; संहिता हातात असताना तिचे ओझे वेगळेच जाणवले. बालगंधर्वांनी रंगभूमीवर पहिले पाऊल टाकले ते 1905 मध्ये आमच्या मिरजेत, शकुंतलेच्या भूमिकेत, आणि तिथल्या नाट्यगृहाला आज त्यांचेच नाव आहे. त्यांच्या आणि मास्टर दीनानाथांच्या जुन्या तबकड्यांचे ध्वनिमुद्रण मी मोबाइलवर ऐकले. त्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटे मावत असल्यामुळे तिथे पदाचा फक्त अर्क मिळतो. रंगमंचावर तेच पद गायकाची तब्येत लागली तर दहा-पंधरा मिनिटेही चालते. अप्पांनी एवढेच करायला सांगितले होते की प्रत्येक पदाचा मुखडा, म्हणजे पुन्हा पुन्हा येणारी पहिली ओळ, तोंडपाठ करायचा आणि सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, कोणत्या अक्षरावर येते ते हाताने टाळी देऊन पक्के करायचे. धैर्यधराच्या 'चंद्रिका ही जणू' या आरभी रागातल्या पदाची सम मला चार दिवस सापडली नाही. सापडली तेव्हा मी भाजी चिरत होते आणि सुरी खाली ठेवून तीच ओळ सात-आठ वेळा म्हणाले.

संगीत नाटकाला कोणी कोणी मराठी ऑपेरा म्हणतात. मला ही तुलना अर्धीच पटते. ऑपेऱ्यात बहुतेक सारा संवादच गायला जातो आणि वादकांचा मोठा ताफा लिहिलेल्या स्वरांना बांधलेला असतो. आपल्याकडे माणसे गद्यात बोलतात, भांडतात, थट्टा करतात, आणि बोलणे अपुरे पडते तिथे पद येते. ते पद किती फुलवायचे हे त्या रात्री, त्या प्रेक्षकांसमोर, गाणाऱ्याने ठरवायचे असते. म्हणून लागोपाठच्या दोन प्रयोगांतही तेच पद सारखे होत नाही.

तिकिटे काढताना अप्पांनी आणखी एक सूचना केली होती: पहिल्या रांगेचा मोह धरू नये, पाचव्या-सहाव्या रांगेत, ऑर्गन ज्या बाजूला असतो त्या बाजूची खुर्ची घ्यावी. मी माझ्यासाठी आणि अकरावीतल्या मुलीसाठी तशाच खुर्च्या घेतल्या. प्रयोग रात्री नऊचा होता. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, ऑर्गनवाल्यांनी षड्ज, म्हणजे 'सा', धरला आणि पडद्यामागून 'नमन नटवरा' ही नांदी सुरू झाली. नांदीला पूर्वी मी चुळबुळत असे. या वेळी शब्द आधीच ओठांवर होते.

पहिल्या अंकात मात्र मन खट्टू झाले. ध्वनिक्षेपक इतका चढवलेला होता की तार सप्तकात आवाज फाटत होता आणि तबल्याचा बायाँ, म्हणजे डग्गा, नुसता घुमत होता. मागच्या रांगांतून दोन-तीन ज्येष्ठ रसिकांनी उठून तक्रार केली, मध्यंतरात आवाज निम्म्याने उतरवला गेला, आणि नंतर मूळ गळा ऐकू येऊ लागला. सुरेल माणसाच्या गळ्यावर आणि जुन्या ऑर्गनवर यंत्राचा इतका भार टाकण्याची गरज नसते, असे माझे ठाम मत त्या रात्री झाले. पूर्वी ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या रांगेपर्यंत शब्द पोहोचवणारे नट होते; आज निदान कानाला इजा होणार नाही एवढी काळजी आयोजकांनी घ्यावी.

माझ्या जागेवरून ऑर्गनवाल्यांचे पाय दिसत होते. एक पाय भात्यावर संथ चालत असे, आणि भामिनीचे गद्य वाक्य संपत आले की तो किंचित जड होत असे. त्यावरून पद येणार हे मला तिच्या आधी कळू लागले. 'शूरा मी वंदिले' आले तेव्हा तिने आधीच्या वाक्यातला शेवटचा शब्द जरा लांबवला, ऑर्गनने तोच स्वर हलकेच खालून उचलला आणि बोलणे कुठे संपले व गाणे कुठे सुरू झाले हे सांगता येऊ नये अशा रीतीने ती मुखड्यावर आली. दुसऱ्या आवर्तनात तिने एक तान घेतली, ती सरळ समेवर न उतरता अर्धी मात्रा मागे रेंगाळली, तबलेवाल्यांनी मान वर करून तिच्याकडे पाहिले, आणि ती 'वंदिले'वर अशी नेमकी उतरली की माझा हात आपोआप मांडीवर पडला. त्याच क्षणी सगळ्या नाट्यगृहातून 'वाहवा' उमटली. माझा आवाजही त्यात होता. बावीस वर्षांची असताना मला जो क्षण सापडत नव्हता, तो हाच होता.

लोकांनी 'वन्स मोअर' दिला. ती पुन्हा गायली आणि पुन्हा वेगळे गायली. पहिल्या वेळी जिथे तान घेतली होती तिथे या वेळी नुसता स्वर लावून थांबली. दोन्हींपैकी दुसरे मला अधिक आवडले. लक्ष्मीधराच्या प्रवेशांना मुलगी मनापासून हसली, पण छावणीच्या प्रवेशात तिला झोप आली आणि मी तिला उठवले नाही.

प्रयोग साडेबारा वाजून गेल्यावर संपला. मी रंगमंचाजवळ गेले तेव्हा ऑर्गनवाले काका पट्ट्यांवरून मऊ फडके फिरवून झाकण लावत होते. त्यांना मी नमस्कार केला आणि त्यांच्या पायांकडे पाहून पद ओळखत होते असे सांगितले. ते म्हणाले, "मग पुढच्या वेळी डोळे मिटून ओळखा."

सोमवारी अडतीवर गेल्या गेल्या अप्पांनी वन्स मोअर किती झाले ते विचारले. तीन, मी म्हणाले, आणि कोणत्या पदांना ते सांगितले. 'चंद्रिका'ला मिळाला नाही याचे त्यांना वाईट वाटले. संहिता परत करायला मी त्याच संध्याकाळी वाचनालयात गेले आणि येताना खाडिलकरांचेच 'स्वयंवर' घेऊन आले. त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या आहेत आणि पहिल्याच पदाची सम अजून मला लागलेली नाही.