एक रेघ ते दोन रेघा: मधले सात दिवस

पाळी येऊन एकतिसावा दिवस होता आणि नव्या देशात येऊन तीन आठवडे. पहाटे साडेपाचला बाथरूमचं दार लावून घेतलं, बेसिनच्या कडेवर गर्भचाचणीचं किट आडवं ठेवलं आणि फोनवर पाच मिनिटांचा गजर लावला. किटसोबतच्या कागदावरची भाषा मला वाचता येत नव्हती. चित्रं तेवढी समजली: थेंब, घड्याळ, एक रेघ, दोन रेघा. गजर वाजला तेव्हा एकच रेघ होती, म्हणजे निगेटिव्ह.

मी खूप रडले, कारण दिवस गेल्याची माझी पक्की खात्री झाली होती. छाती जड आणि इतकी दुखरी की कुशीवर वळताना जाग यायची. दुपारी बसल्या जागी डोळे मिटायचे. सकाळी मळमळायचं, कशानंही डोळ्यांत पाणी यायचं. माझी पाळी २८-२९ दिवसांची, कधी चुकत नाही. ती चुकली, वर ही सगळी लक्षणं; आणखी काय हवं, असं मी नवऱ्याला म्हणाले होते. आदल्या रात्री आईलाही फोनवर सांगून झालं होतं.

"अगं, पाळी कधीची होती तुझी?" आईनं विचारलं.

"परवाची."

"दोनच दिवस ना? मग जरा थांब की. प्रवास झालाय एवढा."

मी थांबले नाही. पण आईच्या त्या शेवटच्या तीन शब्दांत सगळं उत्तर होतं, हे मला फार उशिरा उमगलं. गेल्या काही महिन्यांत घरच्या दोन मैत्रिणींनी मला अगदी हेच विचारलं: लक्षणं सगळी आहेत, मग टेस्ट निगेटिव्ह कशी? म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी लक्षणांचं. स्त्रीबीज सुटलं की अंडाशयात जिथून ते सुटलं तिथे प्रोजेस्टेरॉन नावाचं संप्रेरक तयार व्हायला लागतं. गर्भ राहो वा न राहो, पुढचे साधारण दोन आठवडे ते दर महिन्याला तयार होतंच. छाती दुखणं, पोट फुगल्यासारखं वाटणं, झोप येणं, मन हळवं होणं हे सगळं बऱ्याच अंशी त्याचंच काम. म्हणजे पाळीच्या आधीचा आठवडा आणि गर्भारपणाचा पहिला आठवडा शरीराला आतून जवळपास सारखाच जाणवतो. "मला आतून कळतंय" असं जेव्हा आपण म्हणतो तेव्हा खरंच काहीतरी जाणवत असतं, पण त्यावरून दोन्हींतलं नेमकं कुठलं ते ओळखता येत नाही. मी हे मुद्दाम ठासून लिहितेय, कारण त्या पहाटे मला वाटलं की माझ्या शरीरानंच मला फसवलं. तसं काही नव्हतं.

मग कुठल्या लक्षणाला वजन द्यायचं? नियमित असलेली पाळी चुकणं, हे पहिलं आणि सगळ्यांत भरवशाचं. मळमळ बहुतेकींना शेवटच्या पाळीपासून मोजलेल्या सहाव्या आठवड्याच्या आसपास सुरू होते, म्हणजे पाळी चुकून साधारण दोन आठवडे झाल्यावर. पाळीच्या तारखेआधीची मळमळ बहुधा दुसऱ्याच कशाची असते. माझी होती ती प्रवासाची आणि उलटसुलट झालेल्या झोपेची. खरे कोरडे उमासे पुढे आले, तेव्हा मला दोन्हींतला फरक कळला. वास नको होणं, वारंवार लघवीला लागणं, तोंडाला धातूसारखी चव येणं हीही बहुतेक वेळा पाळी चुकल्यानंतरचीच गोष्ट. काहीजणींना पाळीच्या तारखेच्या आसपास किंवा थोडं आधी गुलाबी-तपकिरी डाग दिसतो आणि त्या पाळीच आली असं समजतात. डाग हलका असेल, एक-दोन दिवसांत थांबला असेल आणि नेहमीसारखी पाळी आली नसेल, तर टेस्ट करावी. पण बहुतेकींना असा डाग दिसतच नाही, तेव्हा तो दिसला नाही म्हणून निराश होऊ नये.

आता ती एक रेघ. किट शोधतं ते एचसीजी नावाचं संप्रेरक. ते गर्भाशयाच्या अस्तरात गर्भ रुजू लागल्यावरच आईच्या रक्तात यायला लागतं. संबंध आल्या दिवशी ते नसतं, बीज फळल्या दिवशीही नसतं. बीज सुटल्यापासून रुजण्यापर्यंत ६ ते १२ दिवस जातात. बहुतेकींत आठव्या ते दहाव्या दिवशी हे घडतं. सुरुवातीला त्याचं प्रमाण नगण्य असतं, पण साधारण दर दोन-तीन दिवसांनी ते दुप्पट होत जातं. घरगुती किटांपैकी बरीचशी लघवीत प्रति मिलीलिटर २५ मिलि-आंतरराष्ट्रीय एकक एवढं एचसीजी असेल तर रेघ दाखवतात. काही त्याहून कमीलाही दाखवतात. त्यामुळे आज नसलेली रेघ तीन दिवसांनी येऊ शकते. त्यात कुणाची चूक नसते, आणि किटही बिघडलेलं नसतं.

माझ्या बाबतीत आणखी एक गोष्ट झाली होती. पाळी आली ती सामान बांधताना, आणि दहाव्या दिवशी आम्ही विमानात बसलो. पुढचा आठवडाभर मी रात्री टक्क जागी आणि दिवसा झोपेत. अशा उलथापालथीत स्त्रीबीज सुटायला उशीर होऊ शकतो. पाळीच्या चक्राचा दुसरा भाग, म्हणजे बीज सुटल्यापासून पाळी येईपर्यंतचे दिवस, प्रत्येकीचा बऱ्यापैकी ठरलेला असतो. लांबतो तो बहुधा पहिला भाग. माझं बीज चौदाव्या दिवसाऐवजी एकविसाव्या-बाविसाव्या दिवशी सुटलं असणार. मग एकतिसावा दिवस हा बीज सुटल्यापासूनचा जेमतेम नववा-दहावा दिवस झाला. मी "पाळी चुकली" म्हणत होते, आणि शरीराच्या हिशोबानं ती अजून चुकलेलीच नव्हती.

परदेशी येणाऱ्या, रात्रपाळी करणाऱ्या, आजारातून उठलेल्या किंवा मुळातच पाळी अनियमित असलेल्या प्रत्येकीला मी हेच सांगेन की पाळीच्या तारखेवर विसंबू नका. शेवटचा असुरक्षित संबंध कधी आला ती तारीख धरा आणि तिथून २१ दिवस मोजा. त्या दिवशी केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर तिच्यावर विश्वास ठेवता येतो. आधी केली तर पॉझिटिव्ह आलेली बहुतेक खरी असते, पण निगेटिव्हचा अर्थ "अजून नाही" एवढाच.

तो आठवडा कठीण गेला. नवरा कामावर, ओळखीचं कुणी नाही, आणि खाली रस्त्यावर जे बोलणं ऐकू येई त्यातला एक शब्द कळेना. मी रोज किट आणायला निघे आणि दारातून परत फिरे. त्याच काळात हे किट आलं कुठून, याचं थोडं वाचन केलं, आणि त्यानं मला अनपेक्षित धीर दिला. १९२० च्या दशकाच्या अखेरीस आशहाइम आणि झोंडेक या जर्मनीतल्या दोन शास्त्रज्ञांनी बाईची लघवी उंदरांना टोचून, मग त्यांची अंडाशयं तपासून गर्भ ओळखायची पद्धत काढली. पुढे आफ्रिकेतल्या एका जातीच्या मादी बेडकांवर तेच होऊ लागलं: लघवी टोचल्यावर काही तासांत बेडकीनं अंडी घातली तर बाई गर्भार. १९६७ साली मार्गारेट क्रेन नावाची एक तरुण ग्राफिक डिझायनर अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या ऑर्गेनॉन या औषध कंपनीत काम करत होती. तिथे प्रयोगशाळेत आरशावर ओळीनं मांडलेल्या परीक्षानळ्या तिला दिसल्या. त्या गर्भाच्या तपासणीच्या होत्या; नळीच्या तळाशी लाल कडं दिसलं की गर्भ आहे. हे तर बाई घरीही पाहू शकेल, असं तिच्या मनात आलं. तिनं टेबलावरची, क्लिपा ठेवायची प्लास्टिकची डबी घेऊन पहिला नमुना बनवला. बायकांच्या हाती हे द्यावं की नाही यावर कंपनीत बराच विरोध झाला. १९७१ मध्ये तिच्या नावे पेटंट निघालं आणि त्याच सुमारास 'प्रेडिक्टर' या नावानं ते किट कॅनडात विकायला आलं. खुद्द अमेरिकेतल्या दुकानांत असं किट यायला १९७० च्या दशकाचा शेवट उजाडला. पेटंटच्या मोबदल्यात ठरलेला एक डॉलरही तिच्या हाती पडला नाही.

तोवर ही बातमी डॉक्टरला आधी कळायची, मग बाईला. मी अनोळखी गावात, कुणाला काही समजावून न सांगता, बंद दाराआड ती स्वतः पाहू शकत होते. हे मला साधं वाटत नाही.

अडतिसाव्या दिवशी पहाटे पुन्हा बसले. या वेळी काळजीपूर्वक. सकाळची पहिली लघवी, कारण रात्रभरात ती दाट झालेली असते. त्याआधी पाणी प्यायले नाही. पाकिटावरची मुदत पाहिली, पाकीट त्याच क्षणी फोडलं, कारण आधी फोडून ठेवलं तर पट्टीला दमट हवा लागते. काही किटांत ड्रॉपरनं मोजके थेंब टाकायचे असतात, काहींत पट्टी खुणेपर्यंत बुडवायची, काहींत टोक लघवीच्या धारेखाली धरायचं. किती सेकंद आणि किती मिनिटं हे प्रत्येकाचं वेगळं. कागदाची भाषा येत नसेल तर फोनवर त्याचा फोटो काढून भाषांतर करून घ्या. मी पहिल्या वेळी केलं नव्हतं. केलं तेव्हा कळलं की माझं किट तीन मिनिटांनी पाहायचं आणि दहा मिनिटांनंतर त्याच्याकडे बघायचंच नाही. उशिरा पाहिलं तर सुकलेल्या लघवीची एक राखाडी, रंगहीन रेघ उमटलेली दिसू शकते आणि ती पाहून भलतीच आशा लागते. पहिल्या दिवशी मी कचऱ्यातून ते किट काढून खिडकीपाशी उजेडात धरून पाहिलं होतं. तसं करू नका, फार त्रास होतो.

'सी' अक्षरापाशी रेघ आली. ही यायलाच हवी. ती नसेल तर टेस्ट फुकट गेली, मग दुसऱ्या जागी काहीही दिसो. 'टी'पाशी आधी काहीच नव्हतं. मग हळूहळू एक फिकट गुलाबी रेघ उमटली. फिकट, पण रंग असलेली, आणि वेळेच्या आत. फिकट रेघही होकारच असतो. ती किती गडद आहे यावरून गर्भ किती आठवड्यांचा किंवा किती सुदृढ हे कळत नाही. लघवी पातळ असली तरी ती फिकी दिसते.

नवऱ्याला उठवलं. तो बराच वेळ काही बोललाच नाही, नुसता माझा हात धरून बसला.

फॉलिक ॲसिडची ४०० मायक्रोग्रॅमची गोळी मी येण्याआधीपासूनच घेत होते, आणि मूल हवं असेल तर आधीपासूनच घ्यावी. बाळाच्या मेंदूची आणि मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेपासून साधारण चार आठवड्यांत मिटते, म्हणजे पुष्कळजणींना बातमी कळून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. दुसऱ्या कुठल्या गोळ्या चालू असतील तर त्या आपल्या मनानं बंदही करू नका, चालूही ठेवू नका. डॉक्टरांना लगेच विचारा.

आणि एक गोष्ट, जी वाचून पुढे जाऊ नका. टेस्ट पॉझिटिव्ह आहे किंवा पाळी चुकली आहे, आणि पोटात एका बाजूला तीव्र दुखतंय, खांद्याच्या टोकाशी दुखतंय, चक्कर येतेय, घेरी येऊन पडायला होतंय किंवा रक्त जातंय, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा. गर्भ गर्भाशयाबाहेर, बहुतेक वेळा अंडाशयाकडून गर्भाशयात येणाऱ्या नळीत, रुजला असेल तर ते जिवावर बेतू शकतं. परक्या देशात असाल तर तिथला तातडीचा नंबर आणि "मी गरोदर आहे, खूप दुखतंय" एवढं वाक्य तिथल्या भाषेत आधीच लिहून ठेवा. आमच्या फ्रिजवर ते अजून चिकटवलेलं आहे.

रेघ येऊन काही दिवसांत रक्तस्राव होऊन सगळं थांबणं, हेही पुष्कळजणींच्या वाट्याला येतं. तेव्हा "लवकर टेस्ट केली म्हणून" किंवा "जड उचललं म्हणून" असं स्वतःला लावून घेऊ नका. बहुतेक वेळा त्या गर्भातच सुरुवातीपासून गुणसूत्रांचा दोष असतो. ते दुःख खरं असतं, आणि ते कुणाशी तरी बोलावं.

आठ आठवडे झाल्यावर सोनोग्राफी झाली. आठ आठवडे म्हणजे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजलेले. डॉक्टर सगळीकडे तिथूनच मोजतात, त्यामुळे ज्या दिवशी पाळी चुकते त्या दिवशीच आपण कागदावर चार आठवड्यांच्या गरोदर असतो. तपासणाऱ्या बाईंनी पडद्यावर माप घेतलं आणि म्हणाल्या, सात आठवडे. माझ्या पोटात गोळा आला. एक आठवडा कमी म्हणजे वाढ खुंटली? मोडक्या भाषेत मी त्यांना प्रवासाचं सांगितलं, दहाव्या दिवशीचं विमान, एकतिसाव्या दिवसाची एक रेघ. त्यांनी मान डोलावली, पडदा माझ्याकडे वळवला आणि बोट ठेवलं. तिथे काहीतरी भराभर लुकलुकत होतं. मग कागदावरची प्रसूतीची तारीख त्यांनी खोडली आणि शेजारी सात दिवस पुढची लिहिली.

बाहेर येऊन आईला फोन लावला. "आई, आठ आठवड्यांचं नाही, सातच आठवड्यांचं आहे," मी म्हणाले.

"ठोके दिसले ना?"

"दिसले."

"मग झालं तर," आई म्हणाली, आणि तिचा आवाज भरून आला.