उजाडत नाही तोवर

परवा दुपारी कवळ्याला मावशीकडे गेलो होतो. बाहेर पाऊस लागला होता, मावशी जेवून आरामखुर्चीत पेंगत होती आणि टीव्हीवर आदल्या रात्रीचा भाग पुन्हा दाखवत होते. आवाज कमी करावा म्हणून मी रिमोट उचलला, एवढ्यात पडद्यावरचे दार उघडले आणि दोन पावसाळ्यांपूर्वी गाडीसकट दरीत कोसळलेला, ज्याच्या बाराव्याची पंगतसुद्धा आम्हाला सविस्तर दाखवली होती, तो थोरला मुलगा उंबऱ्यावर उभा राहिला. धाकट्या सुनेच्या हातातले पूजेचे ताट पडले. ते एकूण तीनदा पडले, त्यात एकदा कृष्णधवल. हळदकुंकू सांडले, निरांजन मात्र तिन्ही वेळा विझले नाही. मग घरातल्या अकरा माणसांचे चेहरे आळीपाळीने दाखवण्यात भाग संपला, तरी त्या बिचाऱ्याने उंबरा ओलांडलेला नव्हता.

ही मालिका मुळात वाईट नव्हती. पहिल्या काही महिन्यांत तिच्यातल्या सासऱ्याला पेन्शनची काळजी होती, सकाळी न्हाणीघरापुढे रांग लागत होती आणि थोरली सून बस चुकली म्हणून रडली होती. आता त्या घरात कोणीही कामावर जात नाही. लेखकाने आणलेली गोष्ट वर्षभराची असते. ती सरते, पण आठवड्याचे सहा भाग सरत नाहीत आणि गुरुवारी येणारे टीआरपीचे आकडे चांगले असले, तर चालत्या गाड्याला खीळ घालणार कोण? मग विषप्रयोग होतो, स्मृती जाते, जुळा भाऊ निघतो. माझ्यापुरता मी एक नियम केला आहे : एखाद्या भूमिकेतला नट बदलला, की त्या दिवशी मालिका संपली असे समजायचे आणि पुढचा शेवट आपल्या मनाने लावून टाकायचा. माझ्या हिशेबी कित्येक सुना केव्हाच सुखी झाल्या आहेत.

पाणी घालण्याची ही कला आजची नाही. 1987 साली सुरू झालेले दूरदर्शनवरचे ‘रामायण’ 52 भागांचे ठरले होते, ते 78 भागांपर्यंत गेले; पण रावण कधीतरी मरणार, हे तरी ठरलेले होते. 2000 साली सुरू झालेल्या ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ मध्ये नायक मिहिर मरण पावला आणि प्रेक्षक हळहळले म्हणून परतही आला. त्या दिवसापासून मालिकांतल्या मरणाचा धाक गेला, असे माझे मत आहे. आपल्या मराठीत तर ‘चार दिवस सासूचे’ एवढेच कबूल करून आलेली मालिका 2001 पासून 2013 पर्यंत तीन हजारांवर भाग चालली. सुनेचे चार दिवस कधी यायचे, असे माझी आई विचारीत असे.

माझे आजोळ गोव्यातल्या पेडण्यातले. तिथे जत्रेला दशावतारी, म्हणजे रात्रभर पौराणिक नाटक करणारी मंडळी, येत. सुरुवातीचा विनोदी राक्षस संकासुर पाहून झाला की मी चटईवर आजीच्या कुशीत झोपून जाई आणि मध्यरात्री केव्हातरी डोळे उघडले तर राजा आणि राक्षस अजून बोलतच असत. त्यांच्या हाती लिहिलेली संहिता नसते. आख्यान ठरलेले, शब्द तोंडचे. समोरून दाद आली की राजाचे भाषण लांबे, पेटीवाला आणखी एक पद काढी, आणि युद्ध सुरू होण्याआधी दोन्ही पक्षांचा वेदान्तावर वाद होई. म्हणजे तेही पाणीच घालीत. पण पूर्वेला फटफटले की मृदंगाची लय वाढे आणि तासभर न मरणारा राक्षस दोन मिनिटांत पडे, कारण उजाडताना दह्याची हंडी फोडून दहीकाला व्हायलाच हवा असे. दह्याचे शिंतोडे माझ्या कपाळावर पडत, ते थंडगार असत, आणि समोर मेलेला राक्षस पडद्याआड बसून बिडी ओढत असलेला दिसे. मालिकेच्या नशिबी ते फटफटणे नाही.

हे सगळे मावशीला एकदा ऐकवायचे, असे मी ठरवून आलो होतो. तिचे यजमान, म्हणजे आमचे काका, त्या ‘चार दिवस’ला रोज नावे ठेवीत आणि रोज वेळ झाली की खुर्ची ओढून तिच्याशेजारी बसत. काका 2009 मध्ये गेले. मालिका त्यांच्यानंतरही चालू राहिली. त्यात नवी माणसे आली, ती काकांना ठाऊक नव्हती. पण जुनी काही होती. ती मालिका संपली त्या रात्री मावशी जेवली नाही. टीव्हीवर आता ह्यांच्या ओळखीचे कोणी उरले नाही, एवढेच ती म्हणाली होती.

ताट पडल्याच्या आवाजाने तिला जाग आली. चष्मा चाचपून तिने पडद्याकडे पाहिले. मी म्हणालो, “मावशे, हो मेल्लो न्हय?”

“येंव दी रे,” ती म्हणाली. “आयलो तें बरें जालें.”

मी रिमोट तिच्या हाताशी ठेवला.